कणगीतले कोयते

बाजाराच्या दिवशी आमच्या वाडीत एकाही घरात कोयता नसायचा. पुरुषमाणसं राजूरच्या बाजाराला उतरली की बायका खुंटीवरचा कोयता काढायच्या, शेणाच्या पाटीत नाहीतर गवताच्या भाऱ्यात दडवायच्या आणि वाडीच्या टोकाला राहणाऱ्या काकीकडे नेऊन द्यायच्या. काकी विधवा होती, म्हणजे तिच्या घरी झिंगून येणारं कोणी उरलं नव्हतं. तिच्या कणगीतलं वरचं भात बाजूला सारायचं, कोयते-कुऱ्हाडी आडव्या ठेवायच्या आणि वर पुन्हा भात पसरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जाता-येता जिचा तिने परत आणायचा. आपला ओळखता यावा म्हणून प्रत्येकीने मुठीला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असे. आमच्या कोयत्याला आईच्या हिरव्या लुगड्याची होती.

पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाजारातून येणाऱ्याला कोयता कशाला लागतो? आणि लागलाच, तर ज्या कारणासाठी लागायचा ते सकाळी त्याला आठवत नसे. एका बाईच्या मनगटावर घाव बसला, तेव्हापासून हे सुरू झालं. मी तेव्हा आश्रमशाळेत तिसरीला असेन. तो हात पुन्हा कधी नीट मिटला नाही. भाकरी थापताना ती मनगट परातीच्या काठाला टेकवायची, आणि तिच्याकडे बघणं मी टाळायची.

आम्ही ठाकर. अकोल्याच्या डोंगरात, खिंडीच्या वर आमची वाडी. पुढे मी नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला लागले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बायका अगदी सहज विचारायच्या, "तुमच्यात चालतं ना गं दारूचं? बायकापण पितात म्हणे." त्यांच्या मनात काही वाईट नसायचं, पण माझा घास तोंडात फिरायचा. हो, आमच्यात चालतं. पेरणीला धरतरीला धार सोडतात, मेलेल्याच्या नावाने सोडतात, सोयरीक जुळली की सोडतात. माझ्या लहानपणी घाटाखालून मोहाची फुलं यायची आणि सणावाराला चार घरं मिळून एकदाच दारू गाळायची. ती संपली की संपली. पुढचा सण येईपर्यंत कोणी तिचं नाव काढत नसे.

मग धाडी सुरू झाल्या. खाकीतली माणसं चढून यायची, मडकी फोडायची, बायकांना दमात घ्यायची. घरची दारू गेली, पण बाजारात सरकारमान्य देशीचं दुकान उघडंच होतं. ते सणाची वाट बघत नाही. ज्याला दुकानात परवडेना त्याच्यासाठी खालच्या ओढ्याला कोणीतरी काळा गूळ आणि नवसागर घालून काढत असे. ठेकेदारही शहाणे. दिवसभर लाकडं वाहिली की हजेरीबरोबर बाटली हातात ठेवायची, म्हणजे माणूस उद्याही येतो. हे सगळं बाहेरून आलं आणि नाव मात्र आमच्या रक्ताला लागलं. याचा मला आजही राग येतो. पण राग आहे म्हणून भीती खोटी ठरत नाही. घाव बसला तो आमच्याच बाईच्या हातावर, आणि घातला तोही आमच्याच माणसाने.

माझा बा न पिता असला म्हणजे वाडीतला सगळ्यात मऊ माणूस. हिरड्याच्या झाडावर असा चढायचा की खाली फांदी हललेली कळत नसे. मला शाळेत सोडताना तीन डोंगर चालायचा आणि सगळ्या वाटेने मला हसवायचा. प्यायला की तोच माणूस अंगणातून ओरडत यायचा, आणि मी सुट्टीला घरी असले की आम्ही दोघी आवाजावरून अंदाज बांधायचो. गाणं म्हणत आला तर बरं. शिव्या देत आला तरी चालेल. नुसता खोकत, काही न बोलता आला की आई माझा दंड धरायची आणि आम्ही मागच्या बाजूने कारवीच्या कुडाला चिकटून उभ्या राहायचो. आत तो खुंटी चाचपायचा. हात भिंतीवर घासल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल. खुंटी रिकामी असायची. मग मडकं फुटायचं, चूल उधळायची, आणि थोड्या वेळाने तो झोपायचा.

मी दहावी झाले त्या पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. आम्ही त्याला घोंगडीच्या डोलीत घालून खाली नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर बोटं आपटून पाहिली आणि आईला बाजूला घेतलं. "पोटात पाणी झालंय. आता याने पेला तोंडाला लावला तर माझ्याकडे आणू नका, परस्पर जाळायची तयारी करा." आईने ते बाला जसंच्या तसं सांगितलं. पाऊस सरला, भात कापून झालं, झोडून झालं, तरी त्याने दारूला हात लावला नाही. बाजाराला जाणंच सोडलं. मीठमिरची आई आणायची. त्याचे हात थरथरायचे, रात्री अंथरुणात घामाने भिजायचा, पण पोट उतरलं. तरीही आई बाजाराच्या दिवशी कोयता काकीकडे नेऊन ठेवायचीच. मी एकदा म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "मला झोप लागती त्येच्यानं."

त्याच हिवाळ्यात मला स्थळ आलं. खिंडीपलीकडच्या वाडीतलं घर, थोडी भाताची खाचरं, मुलगा नाशिकला बांधकामावर जायचा. मी त्याला एका लग्नात पाहिलं होतं. त्याने मला पाणी वाढताना तांब्या सांडला होता आणि स्वतःच हसला होता. मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू.

पण सोयरीक म्हटलं की बोली आली, आणि बोली म्हटलं की दारू. आमच्यात मुलाकडचे बाटली घेऊन येतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात ओततात आणि पहिला द्रोण मुलीच्या बापाच्या हातात देतात. त्याने आधी जमिनीवर धार सोडायची, पूर्वजांची नावं घ्यायची आणि उरलेली प्यायची. मुलीच्या बापाच्या गळ्याखाली उतरली की मुलगी दिली. तोंडाच्या शब्दाला काही किंमत नाही. नाही प्यायला तर आलेल्या सोयऱ्यांचा अपमान, आणि पुन्हा त्या घराकडे कोणी फिरकत नाही.

ते येणार ठरलं त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मुलीला वाटते तसली भीती ही नव्हती. मला दिसत होता तो द्रोण आणि बाचा थरथरता हात. तो प्यायला तर मरेल. मेला नाही तर पुन्हा सुरू होईल, आणि पुन्हा आम्ही कुडाला चिकटून उभ्या राहू. आणि हे सगळं माझ्यासाठी, माझ्या लग्नासाठी. मी आईला म्हणाले, "नको मला लगीन." आईने चुलीत फुंकर मारत म्हटलं, "गप. तुजा बा बघून घेईल." पण तिच्या आवाजात जीव नव्हता.

पाहुणे दिवस वर आल्यावर आले. पुरुष ओटीवर बसले, बायका आत. मुलाचा बाप मोठ्या आवाजाचा, सारखा हसणारा, डोळे तांबारलेले. आमच्या वाडीचे पंच म्हणजे एक म्हातारे, ते मधोमध बसले. मी आतल्या बाजूने कुडाच्या फटीला डोळा लावला. आई माझ्यामागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

मुलाच्या बापाने बाटली फोडली. वास आत आला. द्रोण काठोकाठ भरून त्याने बाच्या हातात दिला.

"घ्या सोयरं," तो म्हणाला.

बाने दोन्ही हातांनी द्रोण धरला. तरी तो हलत होता, थेंब त्याच्या मांडीवर पडत होते. त्याने धार सोडली. "ही धरतरीला." मग डोंगराच्या देवाला. मग वाघाला. मग त्याच्या बापाला, आज्याला. आता थांबेल, आता द्रोण वर जाईल, म्हणून मी डोळे मिटले. पण बाचा आवाज चालूच होता. त्याने आपल्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. तो भाऊ बाजारातून येताना ओढ्यात पालथा पडला होता आणि घोट्याएवढ्या पाण्यात मेला होता. मग काकीच्या नवऱ्याचं घेतलं. मग कड्यावरून पडून गेलेल्या एकाचं. मग रक्ताची उलटी होऊन गेलेल्या जोडीदाराचं. एकेक नाव आणि एकेक धार. ओटीवरचं हसणं थांबलं. आमच्या वाडीतले पुरुष खाली बघायला लागले, कारण नावं कुठल्या वाटेने चालली होती ते त्यांना कळलं होतं. ही सगळी माणसं आम्ही एकामागोमाग एक जाळली होती आणि ती कशाने गेली हे कोणी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

द्रोण रिकामा झाला. बाने तो पालथा करून खाली ठेवला.

मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. "आन् तुमी?" त्याने पुन्हा बाटली उचलली.

"माजी मानसं लई हायती," बा म्हणाला. "पुरली न्हाई."

पंचांनी पुढे वाकून ओल्या जमिनीवर हात फिरवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. जमिनीनं पिली म्हंजी घरानं पिली. बोली झाली."

आई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बाहेर उरलेली बाटली बाकीच्यांनी फिरवली. मुलाच्या बापाने बाचा वाटाही घेतला.

मी चुलीपाशी आले तर मुलाची आई तिथे एकटीच उभी होती. बारीक, शांत बाई. ती भिंतीकडे बघत होती. त्या दिवशी बाजार नव्हता, पण घरात दारू येणार म्हणून आईने कोयता सकाळीच काकीकडे पोचवला होता. ती बाई रिकाम्या खुंटीकडे बघत होती.

"तुमी पन ठिवता व्हय?" तिने हळूच विचारलं.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आमच्याकडं वढ्याच्या पल्याड माज्या जावंचं घर हाय, तिच्या माळ्यावर ठिवतो समद्या. तू आलीस की दावीन तुला. भिऊ नगं. सासरा तसा, पन पोरगं त्येच्याइतकं न्हाई अजून. सवय हुती मानसाला."

तिने हे मायेने सांगितलं. आपल्या घरात येणाऱ्या मुलीला पाण्याची वाट दाखवावी, तसं. मी मान हलवली. पण तिचा 'अजून' हा शब्द माझ्या कानातून जाईना. तांब्या सांडून हसणारा मुलगा मला दिसायचा आणि त्याच्यामागे एक हात भिंत चाचपताना दिसायचा. बापाच्या भीतीतून सुटले असं वाटलं तेव्हा मी नवऱ्याच्या भीतीत निघाले होते, आणि मधे मोकळा श्वास घ्यायला एक दुपारही मिळाली नव्हती.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ही गोष्ट कुनापाशी काढायची न्हाई. गड्यांना कळलं तर जागा जाईल." तिचं खरं होतं. एका पुरुषाला कळलं म्हणजे सगळ्या वाडीला कळलं असतं, आणि मग कोयते खुंटीवरच राहिले असते. बोलावं तर सगळ्या बायकांचा घात, गप्प राहावं तर माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा अंगणात उभा राहून हाक मारू लागला. त्याला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायच्या होत्या. "कोयता कुठं गेला गं?" आई पाण्याला गेली होती, कोयता अजून काकीच्या कणगीत होता. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, की शेजारी दिलाय. ते आलंच नाही. मी खरं सांगून टाकलं. कणगी, चिंध्या, बाजाराचे दिवस, सगळं. तो न प्यायलेला होता, तरी मी दारापासून लांब उभी होते, पळता येईल अशी.

बा उंबऱ्यावर बसला.

"कवाधरनं?" त्याने विचारलं.

"मी तिसरीत हुते तवापासनं."

"माज्यापायी?"

"समद्यांपायी," मी म्हणाले. मग म्हणाले, "व्हय. तुज्यापायी पन."

त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. खुंटी चाचपणारा तोच हात. मला वाटलं आता तो उठेल, काहीतरी फेकेल. तो म्हणाला, "आन् तिकडं?"

मी मुलाच्या आईचं बोलणं सांगितलं. ती कोयते कुठे ठेवते तेवढं मात्र सांगितलं नाही.

बा तसाच उठला आणि पंचांच्या घरी गेला. मी त्याच्यामागे गेले, अंगणाबाहेर थांबले. "माज्या गळ्याखाली उतरली न्हाई," तो म्हणाला. "बोली झाली न्हाई."

पंच भडकले. "काल समद्यांदेखत ठरलं ना? जमिनीनं पिली म्हनून?"

"जमिनीनं पिली. जमिनीला कुटं लेक हाय? लेक माजी हाय."

बरीच बाचाबाची झाली. पंच म्हणाले, लेकीचं नाव खराब होईल, पुन्हा स्थळ येणार नाही. बा म्हणाला, न येवो. शेवटी म्हाताऱ्याने हात टेकले. पण मोडायचं तर रीत होती. पाहुण्यांनी आणली होती तशीच एक भरलेली बाटली परत द्यायला हवी, आणि ती मुलीच्या बापाने स्वतः आणून पंचांच्या ओटीवर ठेवायला हवी. दुसऱ्या कोणी आणलेली चालत नाही.

म्हणजे बाला बाजाराला जायला हवं होतं. त्या दुकानात शिरायला हवं होतं. आणि हातात भरलेली बाटली घेऊन सगळी चढण एकट्याने चालत यायला हवं होतं. आई ऐकून मटकन बसली. "मोडू नगं," ती बाला म्हणाली, "पोरगी जाईल तिकडं, काय हुईल ते हुईल. तू जाऊ नगंस." मीही तेच म्हणाले. त्या क्षणी मला ते सासर परवडलं असतं. बाने आमचं ऐकलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याने अंघोळ केली, टोपी घातली. मग खुंटीवरचा कोयता काढला. आईच्या तोंडून आवाज निघाला. तो कोयता हातात घेऊन, न लपवता, वाडीच्या मधोमध चालत गेला. ओट्यांवर पुरुष बाजाराला निघायच्या तयारीत होते, बायका दारात आल्या. कोणाचाही चेहरा जाग्यावर नव्हता. काकी अंगणात भात पाखडत होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"वैनी, ह्यो ठिव," बाने कोयता तिच्यापुढे धरला. "समद्यांचे ठिवतीस तितं. आज मी बाजारला चाललोय."

पुरुष एकमेकांकडे बघत होते. कोणी आपल्या बायकोकडे बघत नव्हतं. काकीने कोयता घेतला, हिरव्या चिंधीवरून बोट फिरवलं आणि आत गेली. बा खिंडीच्या वाटेला लागला.

तो दिवस मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. आई आणि मी अंगणात बसून होतो, भाताला खडे नसताना खडे वेचत. ऊन उतरायला लागलं तेव्हा खालच्या वळणावर टोपी दिसली. आई उठून उभी राहिली. आम्ही दोघी त्याची चाल बघत होतो, सगळं आयुष्य जी चाल बघितली ती. तो हळू चढत होता, मधेच थांबत होता. खोकल्याचा आवाज आला. गाणं नाही, शिव्या नाहीत, नुसता खोकला. आईने माझा दंड धरला.

तो जवळ आला. त्याने बाटली अंगापासून लांब धरली होती, हात ताठ करून. बुचाचं सील तसंच होतं. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं, ओठ चावून चावून फुटले होते. तो आमच्याकडे न बघता पंचांच्या ओटीवर गेला, बाटली ठेवली आणि माघारी वळला. मला वाटलं आता घरी येईल. तो घरावरून पुढे काकीच्या दारापर्यंत गेला. काकी कोयता आणायला आत वळली, तसा तो म्हणाला, "नगं वैनी. आजची रात ऱ्हाऊ दे तितंच. सकाळी नेईन."